पंगतीतलं रिकामं पान

पहिल्या पानावर नऊ चौकटी होत्या. तीन ओळी, तीन रकाने. प्रत्येक चौकटीत एकेका अँटेनाच्या फेजचे ठिपके, डावीकडून उजवीकडे वेळेनुसार मांडलेले. आठ चौकटींत ठिपक्यांची रांग सरळ होती किंवा संथपणे वर-खाली होत होती. मधल्या चौकटीत ठिपके एका पातळीवर चालता चालता भलत्याच पातळीवर जाऊन बसले होते. चौकटीवरचं नाव मी अजून वाचलं नव्हतं, अक्षावरचे आकडेही पाहिले नव्हते, तरी बोट पडद्यावर नेमकं तिथेच गेलं.

लग्नाच्या पंगतीत वाढणारा माणूस असाच बघतो. कोणाच्या पानात भात संपला, कोणाला आमटी पोचलीच नाही, हे तो पानं मोजून ठरवत नाही. पानं एका रांगेत आहेत, प्रत्येक पानात मीठ डावीकडे वर, भाजी उजवीकडे, भात मध्ये, आणि पंगतभर हाच क्रम आहे. म्हणून वेगळं काही असेल तर ते चालता चालता दिसतं. पानांची मांडणी वाढप्याला निम्मं काम करून देते. तीच पानं अंगणात इकडेतिकडे टाकून दिली, तर तोच अनुभवी वाढपी दोन माणसं उपाशी ठेवील.

मधल्या चौकटीवर नाव होतं ‘ईए०५’. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सोकोरो गावाच्या पश्चिमेला सॅन ऑगस्टिन नावाच्या पठारावर ‘व्हेरी लार्ज अरे’ ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या २७ अँटेना तिथे वाय अक्षराच्या आकारात मांडलेल्या आहेत. त्यांतलीच ही एक. माझ्या लॅपटॉपवर होती ती २४ एप्रिल २०१० या दिवसाची निरीक्षणं. ३सी३९१ नावाचा, एका ताऱ्याच्या स्फोटातून उरलेला ढग त्या दिवशी या दुर्बिणीनं सुमारे आठ तासांच्या सत्रात टिपला होता. जगभरचे विद्यार्थी गेली कित्येक वर्षं याच निरीक्षणांवर हात बसवतात, आणि ईए०५पाशी येऊन थबकतात. मीही थबकले.

या विषयाकडे मी वळले ती खोडदमुळे. नारायणगावहून आत वळलं की द्राक्षांचे मांडव आणि टोमॅटोची शेतं लागतात, आणि शेतांच्या मागून अचानक एक पांढुरकी जाळीदार तबकडी डोकं वर काढते. ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’, म्हणजे आपली जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांतल्या १४ मधल्या साधारण चौरस किलोमीटरच्या भागात, उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या भुजांवर, आणि सर्वांत दूरच्या दोघींमध्ये सुमारे २५ किलोमीटरचं अंतर. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे शाळांच्या मुलांची जत्रा भरते. मी भाचीला घेऊन गेले होते. मुलं तबकडीखाली उभी राहून वर बघत होती आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती : याच्यातून फोटो कसा निघतो?

तो प्रश्न मी घरी घेऊन आले. नात्यातला एक मुलगा रेडिओ खगोलशास्त्रात संशोधन करतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, “ताई, फोटो शेवटी. त्याच्या आधी आम्ही चौकटी बघतो. दिवसच्या दिवस चौकटी बघतो.” आणि त्यानं माझ्या लॅपटॉपवर कासा चढवून दिलं.

कासा म्हणजे ‘कॉमन ॲस्ट्रॉनॉमी सॉफ्टवेअर ॲप्लिकेशन्स’. अमेरिकेची राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळा युरोप आणि जपानमधल्या सहकाऱ्यांबरोबर हे सॉफ्टवेअर बांधते आणि ते कोणालाही फुकट मिळतं. खोडदची निरीक्षणंही आज अनेक जण त्यातच उलगडतात. उघडलं की काळ्या खिडकीत एक लुकलुकणारी खूण येते. तिच्यापुढे आज्ञा लिहायची. हे जग कळफलकाचं आहे. ते मला सुरुवातीला जड गेलं आणि पुढे मनापासून आवडलं, कारण लिहिलेली आज्ञा उद्या पुन्हा चालवता येते, दुसऱ्याला पाठवता येते, आणि ‘हा आलेख कसा काढलास?’ या प्रश्नाला तीच ओळ उत्तर म्हणून दाखवता येते. माउसनं केलेल्या दहा हालचाली संध्याकाळपर्यंत कोणाला आठवतात?

चौकटी इतक्या का लागतात, हे समजायला रेडिओ दुर्बीण काय टिपते ते पाहावं लागतं. एकटी अँटेना आकाशाचं चित्र काढत नाही. दोन अँटेनांकडे आलेल्या लहरी एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात आणि त्यातून दोन आकडे मिळतात : लहरींची संयुक्त ताकद किती, म्हणजे ॲम्प्लिट्यूड, आणि एक लहर दुसरीच्या किती पुढे-मागे आहे, म्हणजे फेज. अशा प्रत्येक जोडीला बेसलाइन म्हणतात. खोडदच्या ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. त्या प्रत्येक जोडीचे आकडे दर काही सेकंदांनी, शेकडो किंवा हजारो फ्रिक्वेन्सी चॅनेलमध्ये, दोन ध्रुवीकरणांत नोंदले जातात. एका रात्रीच्या निरीक्षणातून कोट्यवधी आकडे येतात आणि त्यांतला एकही स्वतः होऊन सांगत नाही की तो खरा आहे.

त्याची परीक्षा घ्यायला एक सुंदर युक्ती आहे. आकाशात काही स्रोत इतके दूर आणि इतके लहान आहेत की दुर्बिणीला ते निव्वळ बिंदू दिसतात. ३सी४८, ३सी१४७, ३सी२८६ ही नावं खोडदच्या निरीक्षकांना शेजाऱ्यांच्या नावांसारखी तोंडपाठ असतात. दुर्बीण ठीक असेल, तर अशा बिंदूकडे रोखल्यावर प्रत्येक जोडीची फेज शून्य आणि प्रत्येक जोडीची ॲम्प्लिट्यूड सारखी यायला हवी. येत नाही. जो फरक पडतो तो आकाशाचा नसतो. तो वातावरणाचा, तारांचा, घड्याळाचा, यंत्राचा असतो. तो मोजायचा आणि खऱ्या लक्ष्याच्या आकड्यांमधून काढून टाकायचा, याला कॅलिब्रेशन म्हणतात. हे गणित सॉफ्टवेअर करतं. आलेलं उत्तर विश्वास ठेवण्याजोगं आहे का, हे मात्र माणूस बघतो. आणि बघतो चौकटींतून.

माझ्या निरीक्षणांत २६ अँटेना होत्या; सत्ताविसावी त्या दिवशी ताफ्यातच नव्हती. २६ अँटेनांच्या ३२५ जोड्या. मी भाबडेपणानं आधी जोडीमागे एक चौकट काढली. एका पानावर नऊ धरल्या तरी ३७ पानं. बाराव्या-तेराव्या पानापर्यंत माझे डोळे मिटायला लागले, आणि तोवर मला एवढंच कळलं होतं की काहीतरी बिघडलं आहे आणि ते सगळीकडे थोडं थोडं आहे. ते तसं दिसणारच होतं. ईए०५ ही अँटेना २५ जोड्यांमध्ये आहे. तिचा दोष ३७ पानांवर विखुरला होता. कॅलिब्रेशननं जोड्यांचे आकडे सोडवून अँटेनागणिक एक उत्तर काढलं, आणि मी अँटेनामागे एक चौकट केली, तेव्हा ३७ पानांची तीन झाली आणि पहिल्याच पानाच्या मधोमध दोष उभा राहिला. आकडे त्याच दिवसाचे होते. फक्त कशामागे चौकट काढायची, हे बदललं होतं.

ही सगळी मांडणी ‘प्लॉटएमएस’ नावाच्या आज्ञेतून होते. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायची असते. इथे मी ती उच्चाराप्रमाणे लिहिते. ‘ग्रिडरोज’ म्हणजे पानावर किती ओळी, ‘ग्रिडकॉल्स’ म्हणजे किती रकाने. दोन्ही तीन दिले की नऊ घरं आखली जातात. ‘इटरॲक्सिस’ला ‘अँटेना’ सांगितलं की सॉफ्टवेअर एकेका अँटेनाला क्रमानं एकेक घर देत जातं. घरं संपली की पुढचं पान. एवढ्यावरही बरंच भागतं. पण कधी वेगवेगळे आलेख एका पानावर हवे असतात : वर ॲम्प्लिट्यूड, खाली फेज, किंवा डावीकडे वेळेनुसार, उजवीकडे चॅनेलनुसार. तेव्हा प्रत्येक आलेखासाठी वेगळी आज्ञा लिहायची आणि ‘रोइंडेक्स’ व ‘कॉलइंडेक्स’ देऊन सांगायचं, की याला अमुक ओळीतल्या तमुक रकान्यात बसव. शिवाय ‘प्लॉटइंडेक्स’ हा त्या आलेखाचा हजेरी क्रमांक.

पहिल्या संध्याकाळी मी वरच्या घरात ॲम्प्लिट्यूड बसवली. खालच्या घरात फेज बसवली, तर वरची गायब. पुन्हा वरची काढली, खालची गायब. अर्धा तास हा पाठशिवणीचा खेळ चालला. ‘क्लिअरप्लॉट्स’ नावाचं एक बटण आज्ञेतच दडलेलं असतं आणि आपण काही बोललो नाही तर ते ‘होय’ असतं. नवा आलेख काढण्याआधी पाटी पुसायची, हा त्याचा अर्थ. दुसऱ्या आज्ञेपासून त्याला ‘नाही’ म्हणावं लागतं. ते म्हटलं, तरी वरची ॲम्प्लिट्यूड आणि खालची फेज एकत्र टिकेनात, कारण मी दोघींना एकच हजेरी क्रमांक दिला होता. एका क्रमांकावर दुसरी आली की पहिली उठते.

मग मोजणीचा घोळ. प्लॉटएमएस शून्यापासून मोजतं. पहिली ओळ म्हणजे शून्यावी ओळ. मी दोन ओळी मागून दुसऱ्या ओळीला ‘दोन’ म्हटलं, आणि सॉफ्टवेअर म्हणालं असं घरच नाही. हे अवघड नाही, पण माझ्या आधीच्या पिढीला ते जास्त टोचलं असणार. कासामध्येच पूर्वी ‘प्लॉटकॅल’ नावाची आज्ञा होती आणि तिच्यात मांडणी तीन अंकांत सांगायची : ३२१ म्हणजे तीन ओळी, दोन रकाने, त्यांतलं पहिलं घर. तिथे मोजणी एकापासून. ती पद्धत आली होती मॅटप्लॉटलिबमधून, पायथन या संगणकीय भाषेतल्या आलेखांच्या संचातून. आणि त्यानं ती घेतली होती मॅटलॅबकडून. मॅटप्लॉटलिब लिहिणारा जॉन हंटर खगोलशास्त्रज्ञ नव्हता. तो शिकागोत मेंदूविज्ञानाचं संशोधन करत होता आणि अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतून येणारे विद्युत संकेत त्याला पडद्यावर नीट बघायचे होते. मेंदूवर ठेवलेल्या अनेक इलेक्ट्रोडांच्या रेषा एकाखाली एक, एकाच वेळेच्या अक्षावर. त्यांतल्या कोणत्या आधी थरथरल्या? मला हा प्रश्न अँटेनांच्या चौकटींच्या अगदी जवळचा वाटतो. हंटर २०१२ मध्ये, ऐन उमेदीत, वारला. आज खगोलशास्त्रातले असंख्य आलेख त्याच्या आज्ञांनी आखले जातात.

त्याही आधीची माणसं ‘एप्स’ वापरत. या प्रणालीचं काम १९७८ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल इथे सुरू झालं आणि तिची सवय जडलेले निरीक्षक आजही ती सोडत नाहीत. तिच्यात ‘एनप्लॉट्स ९’ लिहिलं की पानावर नऊ आलेख. मिरियाड नावाच्या दुसऱ्या प्रणालीत ‘एनएक्सवाय’ला दोन आकडे द्यायचे, आडवे किती आणि उभे किती. शब्द बदलले, मोजणी शून्यावर आली. पण पानाची घरं आखून तुलना करायची ही गरज या विद्येच्या हाडात आहे.

संगणकाआधी ती कागदावर होती. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल ही विद्यार्थिनी रोज ९६ फूट आलेखकागद डोळ्यांखालून घालत होती. लेखण्या कागदावर रेषा ओढत जात आणि ती त्या रेषा वाचत जाई. त्यात एका जागी, पाव-अर्ध्या इंचाच्या जागेत, काहीतरी कचऱ्यासारखं उमटलेलं तिला दिसलं. तारा म्हणावा तर तसं नव्हतं, माणसानं केलेला रेडिओ गोंगाट म्हणावा तर तसंही नव्हतं. तिला आठवलं की हे असलं काही आकाशाच्या याच भागातून आधीही आलं होतं. मागची भेंडोळी काढून तिनं ताडून पाहिलं. पहिला पल्सार असा हाती लागला, दर १.३३७ सेकंदांनी ठोका देणारा. त्या भेंडोळ्यांना चौकटी नव्हत्या. चौकटींचं काम बेलबाईंच्या स्मरणशक्तीनं केलं होतं. काही वर्षांनी हॅरल्ड क्राफ्ट यांनी आपल्या १९७० च्या प्रबंधात त्याच पल्सारचे लागोपाठचे ठोके एकाखाली एक रचून छापले. डोंगररांगांसारखं दिसणारं ते काळंपांढरं चित्र पुढे १९७९ मध्ये एका इंग्लिश बँडच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर गेलं आणि आता टी-शर्टांवर दिसतं. तो मुळात रचून मांडलेला आलेख आहे. प्रत्येक ठोका वेगळा, तरी सगळे एका ठरलेल्या खिडकीत येतात, हे ठोके एकाखाली एक ठेवल्याशिवाय दिसत नाही.

आता जे सांगायचं आहे ते मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

तीन पानं काढून झाल्यावर मी खूश होते. सगळ्या चौकटी भरलेल्या, नीटनेटक्या. नात्यातला तो मुलगा आला, त्यानं बघितलं आणि म्हणाला, “ताई, अक्षांवरचे आकडे वाचा.” वाचले. एका चौकटीत उभा अक्ष अवघ्या काही अंशांचा होता, शेजारच्या चौकटीत शंभराहून जास्त अंशांचा. सॉफ्टवेअरला काही सांगितलं नाही, तर ते प्रत्येक आलेख त्याच्या चौकटीत मावेल असा ताणून बसवतं. त्यामुळे पाच अंश डुलणारी गुणी अँटेना आणि दीडशे अंश भरकटणारी अँटेना पानावर जुळ्या बहिणी दिसत होत्या. पंगतीत प्रत्येक पान वेगळ्या मापाचं असेल, तर कोणाला किती वाढलं हे कसं कळणार?

‘प्लॉटरेंज’ नावाची सोय असते. तिच्यात चार आकडे द्यायचे : आडव्या अक्षाची सुरुवात आणि शेवट, मग उभ्याची. मी उभा अक्ष सगळीकडे उणे १८० ते अधिक १८० अंश केला, म्हणजे फेज जेवढी जाऊ शकते तेवढा पूर्ण पल्ला, आणि पान पुन्हा काढलं. कालच्या काही डोंगरदऱ्या सपाट झाल्या. त्या मुळात खडबडीत नव्हत्याच. आणि खरोखर हलणाऱ्या अँटेना पानावर वेगळ्या उठून दिसल्या.

पण एक माप सगळ्यांना लावणं हेही नेहमी खरं बोलत नाही. ॲम्प्लिट्यूडच्या पानावर एका अँटेनात बाहेरच्या गोंगाटाचा एखादा उंच काटा असला, तर सगळ्यांचा अक्ष त्या काट्याएवढा होतो आणि उरलेल्या सगळ्या तळाशी चिरडल्या जातात. खोडदला असा गोंगाट भरपूर. विजेच्या तारांवरची ठिणगी, मोबाइलचे मनोरे, वरून जाणारे उपग्रह : आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की यांतलं काहीही त्याला सहज बुडवतं. काटा आधी फ्लॅग करायचा, म्हणजे ‘हे आकडे धरू नका’ अशी खूण करायची, आणि मग सामाईक माप लावायचं. की आधी सामाईक मापानं बघायचं, म्हणजे काटा दिसेल? मी दोन्ही करते. एकाच पानाच्या दोन आवृत्त्या ठेवते. वेळ जातो, जाऊ दे.

फेजच्या चौकटीत आणखी एक फसवणूक असते. फेज हा कोन आहे, त्यामुळे अधिक १७९ अंशांवरून दोन अंश पुढे गेलं की ती उणे १७९ वर येते. घड्याळाचा काटा बारा ओलांडतो तसंच हे आहे, पण चौकटीत छतावरून थेट जमिनीवर पडल्यासारखं दिसतं. ईए०५ ची उडी तशीच तर नव्हे? ही शंका यायलाच हवी. आधीची आणि नंतरची पातळी यांतला फरक ३६० अंशांच्या जवळ असेल, तर ती उडी नाहीच. मी पडद्यावर ठिपक्यांवर चौकट ओढून आकडे वाचले. फरक तसा नव्हता. उडी खरी होती, आणि दोष फक्त त्या एका चौकटीत होता, म्हणजे वातावरणाचा नव्हता. या निरीक्षणांवर शिकवणारे ईए०५ ला सरळ पूर्णपणे फ्लॅग करायला सांगतात. २६ पैकी एक गेली तरी चित्र चांगलं येतं; ती ठेवली तर येत नाही. मी आज्ञा लिहिली आणि एंटर दाबायच्या आधी थोडी थांबले. आठ तास ती तबकडी इतरांबरोबर आकाशात तोच ढग धरून फिरली होती.

निरीक्षकांच्या त्या दिवसाच्या टिपणवहीत इतरही नोंदी आहेत. ईए१३ वर या फ्रिक्वेन्सीचा ग्राहकच बसवलेला नव्हता. ईए१५ चे काही आकडे खराब. ईए१०, ईए१२ आणि ईए२२ यांच्या जागा पुरेशा अचूक ठरलेल्या नव्हत्या. न्यू मेक्सिकोतल्या अँटेना रुळांवरून हलवतात. काही महिने त्या जवळ जवळ असतात, काही महिने ३६ किलोमीटरपर्यंत पसरतात. हलवलेली अँटेना नव्या ठिकाणी नेमकी कुठे बसली, हे मिलिमीटरांत कळेपर्यंत काही दिवस जातात, आणि मधल्या काळातली चूक फेजमध्ये उतरते. टिपणवही वाचून पानांकडे पुन्हा बघितलं, तेव्हा प्रत्येक चौकटीमागे एक यंत्र, एक जागा, एक माणूस दिसू लागला.

चॅनेलनुसार काढलेल्या पानाबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे चौकट मोजपट्टी होते. फेज चॅनेलनुसार मांडली आणि ती तिरकी रेषा आली, तर त्या अँटेनाचा संकेत थोडा उशिरा किंवा लवकर पोचतो आहे. किती, ते उतारावरून निघतं. २०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेषेनं ३६० अंशांची एक पूर्ण फेरी केली, तर चूक ५ नॅनोसेकंदांची. तेवढ्या वेळात प्रकाश पोकळीत दीड मीटर जातो. खोडदला दूरच्या भुजेवरून संकेत कित्येक किलोमीटर प्रकाशतंतूतून येतो आणि त्यातला एवढासा फरक चौकटीतल्या एका तिरक्या रेषेत दिसतो. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोऱ्यांनी ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीची ती हलकी, वाऱ्याला वाट देणारी तबकडी आपल्या खिशाला परवडेल अशी घडवली. ती किती नेमकं काम करते हे मला पहिल्यांदा कळलं ते शेतात उभं राहून नाही, अशा पानावर.

शेजारी शेजारी ठेवून बघण्याची ताकद जगानं एकदा एकत्र अनुभवली आहे. १० एप्रिल २०१९ ला एम८७ आकाशगंगेतल्या कृष्णविवराचं चित्र प्रसिद्ध झालं. वर्तमानपत्रांनी एक केशरी कडं छापलं. शोधनिबंधात त्याच्या खाली लहान चौकटी होत्या : २०१७ च्या एप्रिलमधले वेगवेगळे दिवस, प्रत्येकाचं वेगळं चित्र, सगळ्यांत कडं तेच. त्याच्याही आधी, २०१८ च्या मध्यात, हे चित्र काढणाऱ्या संशोधकांनी आपल्या माणसांचे चार गट केले होते. गटांनी एकमेकांशी न बोलता सात आठवडे काम केलं, आणि मग चारही चित्रं एकत्र मांडली गेली. चारही चित्रांत कडं होतं. त्या चार चौकटी एका ओळीत आल्या त्या क्षणी खोलीत काय झालं असेल, याचा मी कितीदा विचार केला आहे. एकट्या चित्रावर वाद घालता येतो. चार जणांनी न बोलता काढलेली चार चित्रं शेजारी शेजारी असली, की वाद घालणाऱ्याला जास्त कष्ट करावे लागतात.

सराव झाल्यावर मी खोडदच्या संग्रहातली जुनी निरीक्षणं मागवली. इथे मला सॉफ्टवेअरचा क्रम पटला नाही. ‘इटरॲक्सिस’ अँटेनांना त्यांच्या यादीच्या क्रमानं घरं देतं. मधल्या चौकातल्या सी-अक्षराच्या आधी, मग भुजा, ओळ कुठेही तुटते, पश्चिम भुजेचा निम्मा भाग एका पानावर आणि निम्मा दुसऱ्या. पण भुजा ही जमिनीवर खरी आहे. डब्ल्यू०१ जवळची, डब्ल्यू०६ सर्वांत लांबची. ती पानावरही तशीच दिसायला हवी.

म्हणून मी स्वतः घरं नेमली. तीन ओळी, सहा रकाने. शून्यावी ओळ पूर्वेची, पहिली पश्चिमेची, दुसरी दक्षिणेची. अँटेनाच्या नावातला आकडा वजा एक म्हणजे रकाना. हजेरी क्रमांक शून्यापासून पंधरापर्यंत. सोळा आज्ञा हातानं लिहिण्याऐवजी पायथनच्या चार ओळींचं एक चक्र लिहिलं. पहिल्या फेरीत पाटी पुसायची, नंतर नाही. माप सगळ्यांना एकच. आणि चालवलं. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी नुसते ठिपके पडतात तशा चौकटी एकामागून एक पडत गेल्या.

डावीकडच्या चौकटी शांत होत्या. उजवीकडे जावं तसे ठिपके जास्त जास्त डुलत होते, तिन्ही ओळींत. मधल्या चौकातल्या अँटेनाशी तुलना करून या फेज काढल्या आहेत. जेवढं अंतर जास्त, तेवढं डोक्यावरचं आयनांबर वेगळं. जमिनीपासून शेकडो किलोमीटर वरचा विद्युतभारित हवेचा तो थर खोडदच्या मीटरभर लांबीच्या लहरींना फार छळतो. तो सूर्योदयानंतर बदलू लागतो. पानाच्या उजव्या कडेच्या तीन चौकटींत, ई०६, डब्ल्यू०६ आणि एस०६ मध्ये, तो बदल एकाच सुमाराला सुरू झालेला दिसत होता, तीन वेगळ्या गावांच्या शिवारांवर. यादीच्या क्रमात ही तिघं विखुरलेली होती. मी जवळजवळ तासभर त्या पानासमोर बसून होते.

मुलानं पान बघितलं आणि दोन जागांवर बोट ठेवलं. वरच्या ओळीतलं पहिलं घर आणि खालच्या ओळीतलं पाचवं, दोन्ही रिकामी. “या बंद होत्या का?”

नव्हत्या. खोडदला पूर्व भुजा ई०२ पासून सुरू होते. ई०१ नावाची अँटेना नाही. दक्षिण भुजेवर एस०४ नंतर एकदम एस०६ येते. मी नावांप्रमाणे घरं नेमल्यामुळे त्या दोन जागा मोकळ्या राहिल्या होत्या. पण त्यानं विचारलं ते बरोबरच होतं. बिघडलेल्या, सगळे आकडे फ्लॅग झालेल्या अँटेनाची चौकटही ओसच दिसते. जिथे पान मांडलेलंच नाही आणि जिथे पान मांडलं पण काही वाढलं गेलं नाही, या दोन गोष्टी बघणाऱ्याला सारख्या दिसू नयेत. प्लॉटएमएसला मोकळ्या घरात शब्द लिहायला कसं सांगायचं, ते मला सापडलं नाही. मी चित्र जतन केलं आणि त्याच्या खाली दोन ओळी टंकल्या : पहिल्या ओळीतलं पहिलं घर आणि तिसऱ्या ओळीतलं पाचवं घर मोकळं आहे, या नावांच्या अँटेना नाहीत.